कांदा राज्याच्या यादीत, भाव दिल्लीच्या हातात

नाशिक जिल्ह्यात कांद्याचे भाव कोसळले की मोर्चा निघतो. तो कधी बाजार समितीवर जातो, कधी तहसील कचेरीवर, कधी कलेक्टर कचेरीवर. साहेब निवेदन घेतात आणि 'शासनाकडे पाठवतो' म्हणून सांगतात. कोणत्या शासनाकडे? मुंबईच्या की दिल्लीच्या? निवेदन देणारा विचारत नाही आणि घेणारा सांगत नाही. कोर्टात दावा लावताना वकील आधी एक गोष्ट पाहतो, प्रतिवादी कोण? प्रतिवादीच चुकीचा असेल तर दावा कितीही खरा असो, पदरात काही पडत नाही. कांद्याच्या प्रश्नाचे नेमके हेच होत आले आहे.

राज्यघटनेच्या कलम २४६ आणि सातव्या अनुसूचीने सत्तेची वाटणी केली आहे. संघ सूची, राज्य सूची आणि समवर्ती सूची अशा या तीन याद्या. राज्य सूचीत नोंद १४ शेतीची, नोंद १८ जमिनीची आणि नोंद २८ बाजाराची. म्हणून लासलगाव, पिंपळगाव, येवल्याच्या बाजार समित्या राज्याच्या १९६३ च्या कायद्याने चालतात. पण संघ सूचीतली नोंद ४१ म्हणते की परदेशाशी व्यापार, आयात-निर्यात हा विषय केंद्राचा. नोंद ८३ प्रमाणे निर्यात शुल्कही केंद्राचेच. समवर्ती सूचीतल्या नोंद ३३ मध्ये १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने खाद्यपदार्थ आले आणि पुढच्याच वर्षी जीवनावश्यक वस्तू कायदा झाला. तोही केंद्राचा. अर्थ सरळ आहे. शेतात आणि मार्केट यार्डात कांदा राज्याचा आहे, बंदरावर तो केंद्राचा होतो. व्यापाऱ्याने किती साठवायचा हेही केंद्र ठरवू शकते.

ही सत्ता केंद्राने कशी वापरली ते पाहा. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी. ती मार्च २०२० मध्ये उठली आणि सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा आली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले आणि जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. ८ डिसेंबर २०२३ पासून पुन्हा बंदी. ती ३१ मार्च २०२४ पर्यंत म्हणून आली आणि पुढे वाढवली गेली. बंदी चालू असतानाच एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या २००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची मुभा मिळाली आणि महाराष्ट्रात संताप उसळला. शेवटी ४ मे २०२४ रोजी बंदी उठली. नाशिक आणि दिंडोरीत लोकसभेचे मतदान होते २० मे रोजी! योगायोग म्हणायचा की काय, हे वाचकांनीच ठरवावे. बंदी उठली तरी ४० टक्के शुल्क राहिले. ते सप्टेंबरमध्ये २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले.

यातला एकही निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने घेतलेला नाही. पण भाव पडल्यावर हात पुढे करावा लागतो तो राज्याला. मार्च २०२३ मध्ये भरमसाट आवकेने भाव पडले तेव्हा राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये, तेही २०० क्विंटलपर्यंतच, अनुदान जाहीर केले. आवक निसर्गाची असो की बंदी दिल्लीची, अधिकार एकाचा आणि भुर्दंड दुसऱ्याचा, अशी ही रीत आहे.

कोणी म्हणेल, कांदा बागायतदाराचा, त्याच्याशी आपल्या समाजाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो पोटाचा आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड याच जिल्ह्यातले. भूमिहीनांना पडीक जमीन मिळावी म्हणून त्यांनी सत्याग्रह उभे केले, तरीही आपल्यातले असंख्य लोक आजही दुसऱ्याच्या वावरात राबतात. कांद्याची लागवड, निंदणी, काढणी, पात कापणे, ही कामे बायांच्या टोळ्या रोजाने किंवा एकरी उक्ते घेऊन करतात. भाव पडला की शेतकरी उभ्या पिकात नांगर फिरवतो आणि त्या टोळीचा हंगामच बुडतो. अनुदान सातबारावाल्याला मिळते. जिच्या नावावर सातबारा नाही तिने कोणत्या खिडकीवर जायचे?

दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. शहरातल्या झोपडपट्टीतला आपला माणूस कांदा विकतच घेतो. महागाई रोखणे हे केंद्राचे कामच आहे. प्रश्न एवढाच की त्या स्वस्ताईचा खर्च कोणी सोसायचा? सरकारने बाजारभावाने कांदा खरेदी करून गरिबाला स्वस्तात द्यावा, फरक तिजोरीतून भरावा. तसे न करता बंदर बंद केले की तो खर्च निफाड-चांदवडच्या शेतावर आणि त्या शेतातल्या मजुरीवर पडतो.

कायद्याने पाहिले तर निर्यातबंदी घालण्याचा अधिकार केंद्राला आहे, यात शंका नाही. पण २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी संघराज्याचे मूळ तत्त्व सांगितले होते. केंद्र आणि राज्ये यांच्यातली वाटणी केंद्राच्या कायद्याने नव्हे, तर खुद्द घटनेने केलेली आहे. आपल्या अधिकारासाठी राज्ये केंद्रावर अवलंबून नाहीत. म्हणजे राज्य हा दिल्लीचा कारकून नव्हे. ज्या निर्णयाने राज्याची शेती आणि बाजार हलतो, त्यात राज्याला आधी विचारणे हे या तत्त्वाला धरूनच आहे.

त्यासाठी जागाही घटनेतच आहे. कलम २६३ प्रमाणे १९९० साली आंतरराज्य परिषद स्थापन झाली. तिची १० वी बैठक २००६ साली झाली आणि ११ वी थेट २०१६ साली! सल्लामसलतीचे दालन असे दहा-दहा वर्षे कुलूपबंद राहणार असेल तर राज्यांनी बोलायचे कुठे?

म्हणून मागणी नेमकी हवी. शेतमालाच्या निर्यातीवर बंदी किंवा शुल्क लावण्यापूर्वी उत्पादक राज्याचे म्हणणे घेणे केंद्रावर बंधनकारक करा. जिल्ह्याच्या खासदारांनी हे संसदेत मांडावे. आणि राज्यानेही दिल्लीकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये. शेती, जमीन, बाजार त्याच्याच यादीत आहेत. कांदा अनुदानात शेतमजुराचा वाटा ठरवायला त्याला कोणीही अडवलेले नाही.

पुढचा मोर्चा निघेल तेव्हा निवेदने दोन करा. निर्यातीचे दिल्लीला, मजुरीचे मुंबईला. आणि प्रत्येकावर सातव्या अनुसूचीतली नोंद क्रमांकासह लिहा. मग 'शासनाकडे पाठवतो' एवढ्यावर कोणत्याही साहेबाची सुटका होणार नाही.