राजा गेला, सनद राहिली

हुगळीच्या पश्चिम काठावर, कोलकात्याच्या उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर श्रीरामपूर आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे. हे बंगालमधले, इंग्रजी कागदपत्रांत सेरामपूर म्हणून गाजलेले. नदीकडे तोंड करून उभ्या असलेल्या इथल्या कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार १८२७ मध्ये मिळाला. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे स्थापन व्हायला तेव्हा अजून तीस वर्षे अवकाश होता. या अधिकाराने पहिली पदवी प्रत्यक्ष दिली गेली ती मात्र १९१५ मध्ये. म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षे सनद पेटीत आणि विद्यापीठ कागदावर. एवढ्या काळात देणारे सरकार गेले, गाव विकले गेले, कॉलेज बंद पडायची वेळ आली. सनद तेवढी शाबूत राहिली.

सनद डेन्मार्कच्या राजाची होती. १७५५ पासून श्रीरामपूर ही डॅनिश वखार, कागदोपत्री नाव फ्रेडरिक्सनगर. समोरच्या काठावर बराकपूर, तिथे इंग्रज गव्हर्नर जनरलचा बंगला. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात पाद्री नको होते. धर्मात हात घातला की लोक बिथरतील आणि व्यापार बुडेल, असा तिचा हिशेब होता. त्यामुळे इंग्लंडहून आलेले जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे बॅप्टिस्ट मिशनरी १७९९ मध्ये थेट डॅनिश हद्दीत उतरले. १७९३ पासून बंगालमध्ये असलेला आणि पोटासाठी नीळ कारखान्यावर काम करणारा विल्यम केरी १८०० च्या जानेवारीत त्यांना येऊन मिळाला. केरी मूळचा चांभारकाम करणारा, मार्शमन शाळामास्तर, वॉर्ड छापखान्यातला. तिघांची चूल एक आणि कमाईही एकाच थैलीत. कंपनीने मिशनरी म्हणून नाकारलेल्या केरीला पुढे कंपनीनेच कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवायला नेमले. त्या पगारातला मोठा हिस्सा श्रीरामपूरच्या कामात जाई.

मराठी वाचकाला हे गाव परके वाटायचे कारण नाही. केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये इथेच छापले गेले आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश निघाला. व्याकरणासाठी देवनागरी खिळे होते. कोशासाठी मोडीचे खिळे ओतवून घेतले. मोडी ही बोरूच्या धावत्या हाताची लिपी. अक्षरे एकमेकांना जोडत, हात न उचलता लिहायची. ती सुट्या खिळ्यांत बसवायची म्हणजे प्रत्येक अक्षर धावता धावता थांबवून कापायचे. ही कला पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराच्या हाताखाली श्रीरामपुरात तयार झाली आणि त्याचा जावई मनोहर याने ती पुढे नेली. मराठीच्या कामात केरीच्या हाताशी वैजनाथ शर्मा हे पंडित होते. ‘सिंहासनबत्तिशी’, ‘हितोपदेश’, ‘पंचतंत्र’ अशी मराठी पुस्तके मोडीत छापून इथूनच बाहेर पडली. पेशवाई अजून उभी होती आणि पुण्यात छापखाना नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना ठाऊक असलेल्या कुंभ्याच्या झाडाचे शास्त्रीय नावही ‘केरिया आर्बोरिया’ आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग याने ही प्रजाती आपल्या बागवेड्या मित्राच्या नावावर केली.

१८१८ मध्ये या तिघांनी कॉलेजची घोषणा केली. उद्देश जाहीर होता: ख्रिस्ती आणि इतरही तरुणांना पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपीय शास्त्रे शिकवणे. सुरुवातीच्या सदतीस विद्यार्थ्यांत ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती जवळपास निम्मे निम्मे होते. कलकत्त्याचे हिंदू कॉलेज आदल्याच वर्षी इंग्रजी शिक्षणासाठी सुरू झाले होते. श्रीरामपूरकरांचे म्हणणे वेगळे होते. संस्कृत पक्के हवे, शास्त्र देशी भाषेत शिकवावे, इंग्रजी ज्याला झेपेल त्याने घ्यावी. १८२१ मध्ये आलेला जॉन मॅक हा स्कॉटिश शिक्षक रसायनशास्त्राचे प्रयोग करून दाखवी. त्याने १८३४ मध्ये ‘किमिया विद्यार सार’ हे बंगालीतले रसायनशास्त्राचे पुस्तक काढले. पुढच्याच वर्षी मेकॉलेच्या शिक्षणविषयक टिपणाने सरकारी पैशाचा ओघ इंग्रजीकडे वळवला आणि श्रीरामपूरची वाट एकाकी झाली. इंग्रजी माध्यमाच्या वादात आपण आजही ज्या मुद्द्यांवर भांडतो, त्यातले बरेचसे या कॉलेजने दोनशे वर्षांपूर्वी वर्गात करून पाहिले होते.

इमारतीवर संस्थापकांनी हात राखून खर्च केलेला नाही. नदीसमोर उंच आयोनिक खांबांची रांग, आत प्रशस्त दिवाणखाना आणि दोन्ही अंगांनी वर चढणारे ओतीव लोखंडाचे जिने. दगडी जिना भिंतीला टेकून बसतो. हा जिना मात्र जाळीदार कठड्यासह सुटसुटीत वर जातो आणि खालून पाहिले तर पायऱ्यांमधून उजेड गळतो. हे सगळे वजन जहाजातून इंग्लंडहून आले. झोपड्यांत शाळा भरवणारे लोक एवढा थाट कशाला करतात, अशी टीका तेव्हाही झाली. त्यांचे उत्तर साधे होते: शिक्षणाला मान मिळवून द्यायचा तर त्याचे घरही मानाचे हवे.

मग मार्शमन कोपनहेगनला गेला. राजा सहावा फ्रेडरिक याने २३ फेब्रुवारी १८२७ रोजी सनद दिली आणि कोपनहेगन व कील या आपल्या विद्यापीठांसारखाच पदवी देण्याचा हक्क श्रीरामपूरला बहाल केला. १८३३ मध्ये नियमावली झाली. जात, रंग किंवा देश यांवरून कोणालाही प्रवेश नाकारायचा नाही, हे तीत स्पष्ट लिहिले गेले. मात्र तोवर वॉर्ड वारला होता. १८३४ मध्ये केरी गेला, १८३७ मध्ये मार्शमन. लंडनच्या बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीशी मालमत्तेच्या आणि अधिकाराच्या भांडणात दहा वर्षे गेलेली, कलकत्त्यातल्या पेढ्या बुडाल्याने पैसाही आटलेला. शिकवायला पुरेसे प्राध्यापक नाहीत आणि परीक्षा घ्यायला मंडळ नाही, तिथे पदवी कोण देणार?

१८४५ मध्ये डेन्मार्कने श्रीरामपूर आणि तरंगमबाडी ही ठाणी साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकली. गाव विकले जात असताना कॉलेजची सनद मात्र विकली गेली नाही. सनदेने दिलेले हक्क इंग्रज सरकार कायम ठेवील, असे कलम तहात घातले गेले. इनामदारी मिळालेले घराणे जसे सरकार बदलले की नव्या दरबारात जुनी सनद दाखवून हक्क शाबूत करून घेई, तसाच हा प्रकार. तरीही कॉलेजने स्वतःचा हक्क वापरला नाही. १८५७ मध्ये कलकत्ता विद्यापीठ निघताच ते त्याला संलग्न झाले, कारण नोकरीच्या बाजारात त्या पदवीला भाव होता. १८८३ मध्ये तेही थांबले. मिशनने सामान्य शिक्षण आटोपते घेऊन फक्त धर्मोपदेशकांचे प्रशिक्षण चालू ठेवले. लोखंडी जिने तसेच होते, चढणारे मोजके.

कॉलेजला पुन्हा उभे केले जॉर्ज हॉवेल्स या वेल्सच्या मिशनऱ्याने. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्राचार्यपदी आलेल्या हॉवेल्सने एक नेमकी गोष्ट ओळखली. भारतातल्या सरकारी विद्यापीठांत ख्रिस्ती ईश्वरविज्ञान शिकवले जाणार नव्हते आणि त्याची मान्य पदवी मिळायला जागाच नव्हती. ही जागा श्रीरामपूरची सनद भरू शकत होती. १९१० मध्ये ईश्वरविज्ञान विभाग नव्याने सुरू झाला, १९११ मध्ये कला शाखा पुन्हा कलकत्त्याला जोडली गेली आणि १९१५ मध्ये सनदेच्या जोरावर बी. डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) ही पहिली पदवी दिली गेली. १९१८ च्या बंगालच्या कायद्याने जुनी सनद पक्की केली आणि कारभाराची दारे बॅप्टिस्टांपलीकडच्या पंथांना उघडली. पदव्यांचे काम पाहण्यासाठी सिनेट आले.

तेव्हापासून या संस्थेचे दोन चेहरे आहेत. कला, विज्ञान आणि वाणिज्य शिकणारे बंगाली विद्यार्थी आजही कलकत्ता विद्यापीठाची परीक्षा देतात; त्यांतले बहुतेक ख्रिस्ती नसतात. त्याच आवारात ईश्वरविज्ञान शिकणारे विद्यार्थी श्रीरामपूरच्या स्वतःच्या पदवीसाठी बसतात. सिनेटचा व्याप आवारापेक्षा कितीतरी मोठा आहे. बंगळुरूचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज, कोलकात्याचे बिशप्स कॉलेज, चेन्नईचे लुथरन गुरुकुल, कोट्टायमची ऑर्थोडॉक्स आणि मार थोमा सेमिनरी अशा देशभरच्या पन्नासच्या वर संस्था त्याला जोडलेल्या आहेत. पदविकेपासून डॉक्टरेटपर्यंतचा हा अभ्यास. त्यात हिब्रू आणि ग्रीक आहे, चर्चचा इतिहास आहे, तसाच इतर धर्मांचा अभ्यास आणि भारतीय समाजाचे विश्लेषणही आहे. घरी राहून नोकरी सांभाळत ख्रिस्ती अभ्यासाची पदवी घेण्याचीही सोय आहे.

या जाळ्याला महाराष्ट्राचा धागा आहे. १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्यात बिबवेवाडीला आली. तीही सिनेटशी संलग्न. दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी करणारे अरविंद निर्मल महाराष्ट्राचे. त्यांचे १९८१ चे गाजलेले भाषण बंगळुरूच्या त्याच संलग्न कॉलेजात झाले. चर्चमध्येही जात आहे, हे तिथे त्यांनी ठणकावून सांगितले. नियमावलीने १८३३ मध्येच प्रवेशाच्या दारातून जात हद्दपार केली होती, तरी अभ्यासक्रमात तिची उलटतपासणी व्हायला आणखी दीडशे वर्षे लागली.

संस्थापकांना एकाच बाकावर संस्कृत, रसायन आणि बायबल हवे होते. तो बाक आता दुभंगला आहे, विज्ञानाचे प्रमाणपत्र एका विद्यापीठाचे आणि ईश्वरविज्ञानाचे दुसऱ्याचे. केरीला हे कदाचित रुचले नसते. पण १८२७ नंतरचा इतिहास पाहता एक गोष्ट उघड आहे. सनद जगवायला तहातले एक कलम पुरेसे झाले. विद्यापीठ चालायला मात्र शिक्षक, पैसा आणि दुसरीकडे कुठेच मिळत नाही असा अभ्यासक्रम लागला, आणि तो सापडेपर्यंत श्रीरामपूरला अठ्ठ्याऐंशी वर्षे थांबावे लागले.