कोंबडी अंड्यांसाठी की मांसासाठी?

कुक्कुटपालन सुरू करावयाचे म्हटले की नवशिक्याचा पहिला प्रश्न ‘कोणती जात चांगली?’ हा असतो. वास्तविक त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे शोधावयास हवीत. पक्षी अंड्यांसाठी पाळावयाचे की मांसासाठी, आणि त्यांचे खाद्य कोठून येणार? ही उत्तरे निश्चित झाली की जातीची निवड सोपी होते. ती न शोधता पिल्ले आणली, तर उत्तम जातही तोट्याची ठरते.

पुणेकरांना या बाबतीत निवडीस भरपूर वाव आहे. व्यापारी कुक्कुटपालनातील व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाचे मुख्यालय पुण्यातच आहे, तर खडकी येथे पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. त्यामुळे व्यापारी व परसातील अशा दोन्ही प्रकारच्या पक्ष्यांची माहिती शहरातच मिळू शकते.

दोन गुण, दोन वाटा

कोंबडीने खाल्लेल्या अन्नाचे अंड्यात किंवा मांसात रूपांतर होते. दोन्ही गुण एकाच पक्ष्यात टोकाला नेता येत नाहीत. म्हणूनच पैदासकारांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून दोन स्वतंत्र वाण तयार केले. व्हाइट लेगहॉर्नपासून विकसित झालेली बीव्ही-३०० सारखी कोंबडी अंगाने हलकी असते. ती साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात अंडी देऊ लागते व ७२ आठवड्यांच्या वयापर्यंत ३०० हून अधिक अंडी देते. तिच्या अंगावर मांस मात्र बेताचेच असते. याउलट ब्रॉयलर सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जातो. परंतु तो अंड्यांसाठी ठेवला तर वजनाच्या भाराने पाय व हृदय थकतात आणि उन्हाळ्यात तो लवकर दगावतो.

या दोन टोकांच्या मध्ये दुहेरी उपयोगाच्या जाती येतात. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज, तसेच ऱ्होड आयलंड रेड व ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प या त्यांतील परिचित जाती होत. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते, तर परसात वाढलेली वनराज शंभराच्या पुढे व गिरिराज सुमारे १३० ते १५० अंडी देते. दोहोंचे नर मांसासाठी उपयोगी पडतात. हैदराबादचीच ग्रामप्रिया ही जात मात्र अंड्यांकडे अधिक झुकणारी आहे.

खाद्याचा हिशेब

कुक्कुटपालनातील साधारण ६० ते ७० टक्के खर्च खाद्यावर होतो. व्यापारी अंड्यांची कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम, म्हणजे वर्षाला ४० किलो खाद्य खाते. ३०० अंडी धरल्यास एका अंड्यामागे सुमारे १३५ ग्रॅम खाद्य लागते. गिरिराज कोंबडीला कोंडून दिवसाला १२० ग्रॅम विकतचे खाद्य घातले, तर वर्षाला ४४ किलो लागेल आणि १४० अंड्यांच्या हिशेबाने एका अंड्यामागे ३०० ग्रॅमहून अधिक खर्ची पडेल.

याचा अर्थ गिरिराज वाईट आहे असा नव्हे. ती मोकळ्या परसातील किडे, सांडलेले धान्य व स्वयंपाकघरातील उरलेसुरले टिपते, तेव्हाच परवडते. मुळशी, मावळ किंवा पुरंदरमध्ये घराभोवती जागा असलेल्यांना ती योग्य होय. वनराजचा रंगीबेरंगी पिसारा मातीत मिसळून जात असल्याने घारीच्या व मुंगसाच्या नजरेपासून थोडे संरक्षणही मिळते. पांढरी व्यापारी कोंबडी तेथे सोडली, तर ती चटकन शिकाऱ्याच्या दृष्टीस पडते आणि पुरेशा खाद्याअभावी तिची अंडीही घटतात.

शहरात चार-पाच कोंबड्या ठेवू इच्छिणाऱ्यांना संपूर्ण खाद्य विकतच आणावे लागते. त्यांनी अंड्यांची जातच निवडावी. तपकिरी अंडी हवी असल्यास बीव्ही-३८० हा वाण आहे. मात्र कवचाच्या रंगावरून अंड्याची पौष्टिकता ठरत नाही. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते, हे अनेकांना ठाऊक नसते. पहाटेच्या आरवण्यावरून शेजाऱ्यांशी होणारे वाद त्यामुळे टळतील. महापालिकेचे व सोसायटीचे नियम आधी विचारून घ्यावेत.

कडकनाथचा धडा

मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथ कोंबडीच्या काळ्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जात अस्सल आहे. पण तिची वाढ संथ, अंडी कमी व ग्राहकवर्ग मर्यादित आहे. अंडी व पक्षी चढ्या दराने परत घेण्याच्या हमीवर राज्यभरातील अनेक शेतकऱ्यांनी तिच्यात पैसे गुंतवले आणि २०१९ मध्ये फसवणुकीच्या तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या. दोष कोंबडीचा नव्हता. गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न विचारला गेला नव्हता.

पिल्ले आणण्यापूर्वी

एक दिवसाच्या पिलांना पहिले काही आठवडे कृत्रिम ऊब द्यावी लागते व याच काळात मरतूक अधिक होते. म्हणून नवशिक्याने आठ आठवड्यांपुढील तलंगा घेणे श्रेयस्कर. मरेक्स, राणीखेत (मानमोडी) व गंबोरो या रोगांच्या लसी दिल्याची नोंद विक्रेत्याकडून घ्यावी. नर-मादी न निवडलेल्या पिलांत निम्मे नर निघतात, हे गृहीत धरूनच हिशेब मांडावा. सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली उबवली तरी संकरित पक्ष्यांच्या पुढच्या पिढीत मूळ गुण पूर्णपणे उतरत नाहीत. त्यामुळे दर वेळी खात्रीच्या केंद्रातूनच पक्षी आणणे इष्ट.

सुरुवात दहा-वीस पक्ष्यांनी करावी व वर्षभर खाद्य, अंडी आणि मरतूक यांची वही ठेवावी. आपल्या जागेत ही जात परवडते की नाही, याचे सर्वांत विश्वसनीय उत्तर त्या वहीतच मिळेल.