आणखी स्ट्राँग काही नाही का?

'आर-चॉप' हे नाव मेन्यूकार्डावरचं वाटतं ना? मलाही वाटलं असतं, पण ते माझ्या मावशीच्या फाइलवर होतं. वर निदान: डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. लसिका ग्रंथींचा, भराभर वाढणारा कॅन्सर. घरात सगळ्यांचा सवाल एकच, यापेक्षा स्ट्राँग काही नाही का? डबल-स्ट्राँग कॉफीवाली आपली पिढी, मीही तेच विचारत होते.

गंमत म्हणजे डॉक्टरांनीही हेच विचारलं होतं. चॉप म्हणजे सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोन, हे १९७०च्या दशकातलं कॉम्बिनेशन. ऐंशीच्या दशकात सहा किंवा त्याहून जास्त औषधांची कॉम्बिनेशन्स आली आणि चॉप एकदम आउटडेटेड वाटू लागलं. मग अमेरिकेत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पेशंट चार गटांत वाटले. १९९३ साली निकाल लागला: तीन वर्षांनी चारही गटांत साधारण निम्मेच हयात. औषधांच्या दुष्परिणामांनी दगावलेले मात्र चॉपमध्ये १ टक्का, बाकीच्यांत ३ ते ६. झाली ना भारी कॉम्बिनेशन्सची हवा गुल?

खरा फरक पडला तो 'आर'मुळे. रिटुक्सिमॅब ही अँटिबॉडी बी-पेशींवरची सीडी२० नावाची खूण शोधून तिलाच चिकटते. फ्रेंच डॉक्टरांच्या गटाने ६० ते ८० वयाचे ३९९ पेशंट घेतले. २०२ जणांना आर-चॉप, १९७ जणांना नुसतं चॉप. २००२ मध्ये छापून आलेला निकाल असा: दोन वर्षांनी आर-चॉपवाले ७० टक्के हयात, नुसत्या चॉपवाले ५७. मला राहून राहून त्या १९७ जणांची आठवण येते. आपल्या वाट्याला काय येणार हे ठाऊक नसताना त्यांनी सही केली होती. मावशीच्या सलाइनमधला 'आर' त्यांच्यामुळेच आहे. आणि तो आमच्या बजेटमध्ये बसला, कारण २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची स्वस्त भारतीय आवृत्ती आणली.

आता नवीन नाव ऐकू येतं, पोलाटुझुमॅब. व्हिन्क्रिस्टिनच्या जागी ते देऊन ८७९ पेशंटवर चाचणी झाली, निकाल २०२१ च्या डिसेंबरात आला. दोन वर्षं आजार न बळावता राहिलेले ७६.७ टक्के, आर-चॉपमध्ये ७०.२. पण हयात असलेले दोन्हीकडे जवळपास सारखेच, आणि औषध चांगलंच महाग. डॉक्टरांकडे जाताना हे दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून न्या. आम्ही नेले होते.