ई-मेल येईना म्हणून संगणक 'फॉरमॅट' मारण्याआधी



गट कार्यालयात ऊस नोंदीच्या कामाबरोबर अलीकडे एक निराळीच तक्रार कानावर येते. "साहेब, कॉम्प्युटर चालू हाय, नेट बी हाय, पण मेल काय येत न्हाई. आठ दिस झालं, एक बी आली न्हाई." अशी तक्रार आणणारा सभासद बहुधा नुसता ऊस लावणारा नसतो. कोणाची बोरी किंवा निमगाव केतकीकडे द्राक्षाची, डाळिंबाची बाग असते, कोणाचे खते-औषधांचे दुकान असते, कोणी शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक असतो. मोबाइल सगळ्यांकडेच आहे. परंतु हिशेबाची बिले, कोटेशने, करारपत्रे मोठ्या पडद्यावर पाहायची सवय असल्याने घरी किंवा दुकानात संगणक ठेवून त्यावर आउटलुक किंवा थंडरबर्ड यासारखा ई-मेलचा प्रोग्रॅम घातलेला असतो. तो एक दिवस मुकाट्याने बंद पडतो.

हे प्रकरण किरकोळ नाही. द्राक्षाच्या निर्यातीसाठी औषधांच्या उर्वरित अंशाची तपासणी होते, तिचा निकाल निर्यातदार पुष्कळदा ई-मेलनेच कळवतो आणि काढणी त्यावर ठरते. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेल पत्त्यावर नोटीस पाठवणे ही ती बजावण्याची एक रीतसर पद्धत आहे. "मी मेल पाहिलीच नाही" हे उत्तर तेथे चालत नाही. ट्रॅक्टर लावणारे वाहतूक ठेकेदार आणि दुकानदार सभासद यांनी हे ध्यानात ठेवावे.

यापेक्षाही मोठे नुकसान दुरुस्तीच्या नादात होते. संगणक तालुक्याच्या गावी दुकानात नेला जातो, तेथला पोरगा दोन बटणे दाबून पाहतो आणि "फॉरमॅट मारावा लागेल" म्हणतो. मालक हो म्हणतो. ज्यांचा प्रोग्रॅम 'पॉप' नावाच्या जुन्या पद्धतीने लावलेला आहे, त्यांची पत्रे पुष्कळदा फक्त त्या एका संगणकातच उरलेली असतात. फॉरमॅट मारला की पाच-दहा वर्षांचा पत्रव्यवहार गेला. आंबा पाडायला झाडच तोडावे, तसला हा प्रकार. म्हणून हा लेख. बहुतेक वेळा दोष अगदी साधा असतो आणि घरातला दहावी-बारावीचा मुलगा तो काढू शकतो.

आधी प्रोग्रॅम काय करतो ते समजून घेऊ. पत्र थेट आपल्या संगणकात येत नाही. ते प्रथम गुगल, मायक्रोसॉफ्ट वगैरे कंपनीच्या दूरच्या मोठ्या यंत्रावरील आपल्या पेटीत पडते. आपला प्रोग्रॅम ठराविक मिनिटांनी तेथे जातो, पासवर्ड दाखवतो, नवीन पत्रे असतील तर आणतो. नीरा डाव्या कालव्याच्या टोकाकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. शेतात पाणी आले नाही म्हणजे कालवा कोरडा आहे, असे होत नाही. आवर्तन सुटले असेल, पण चारीत गवत माजले असेल, किंवा आपलेच दार खाली पडलेले असेल. तेव्हा आधी कालव्यावर जाऊन पाहावे.

येथे कालव्यावर जाणे म्हणजे मोबाइलवर किंवा संगणकातील ब्राउझरमध्ये तीच ई-मेल उघडून पाहणे. स्वतःलाच एक चाचणीचे पत्र पाठवावे. ते मोबाइलवर दिसले आणि संगणकातल्या प्रोग्रॅममध्ये दिसले नाही, तर दोष प्रोग्रॅमचा. मोबाइलवरही दिसले नाही, तर संगणकाला हात लावायचे कारण नाही. दुकानदाराचे पैसेही वाचले.

मोबाइलवरही पत्र नसेल तेव्हा आम्ही प्रथम जागा पाहायला सांगतो. जीमेलची फुकट जागा १५ जीबी आहे आणि तीत पत्रांबरोबर ड्राइव्हमधील कागद आणि गुगल फोटोज हेही मोजले जातात. अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप पूर्वी यात धरत नसत, तोही आता धरतात. म्हणजे भाच्याच्या लग्नाचे व्हिडिओ आणि रोज सकाळचे फुलांचे शुभेच्छासंदेश यांनी पेटी भरते, आणि निर्यातदाराचे पत्र दारातून परत जाते. जादा व्हिडिओ काढून टाकले की पत्रे पुन्हा येऊ लागतात. मात्र मधल्या काळात परत गेलेली पत्रे आपोआप येत नाहीत, ती पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवावी लागतात. जागा भरपूर असेल तर 'स्पॅम' हा कप्पा उघडून पाहावा. महत्त्वाचे पत्र तेथे जाऊन बसल्याचे पुष्कळदा आढळते.

आता दोष प्रोग्रॅमकडे आहे असे धरू. सर्वात वरचे कारण सांगताना थोडे हसू येते. प्रोग्रॅम 'वर्क ऑफलाइन' या स्थितीत गेलेला असतो, म्हणजे कोणीतरी चुकून बटण दाबून त्याला "बाहेर जाऊ नको" असे सांगितलेले असते. आउटलुकमध्ये हे बटण 'सेंड/रिसीव्ह' या पट्टीवर आहे, थंडरबर्डमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात लहानसे चिन्ह आहे. ते पुन्हा दाबले की काम झाले. दुसरे असेच साधे कारण म्हणजे ठराविक वेळाने तपासण्याची सोय बंद असणे. थंडरबर्डच्या 'अकाउंट सेटिंग्ज'मधील 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये प्रोग्रॅम उघडताना पत्रे पाहावीत आणि दर इतक्या मिनिटांनी पाहावीत, अशा दोन चौकटी आहेत, दोन्हींत खूण पाहिजे. जुन्या आउटलुकमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एस या कळा एकत्र दाबल्या की असेच वेळापत्रक समोर येते. हाताने 'गेट मेसेजेस' किंवा 'सेंड/रिसीव्ह' दाबल्यावर पत्रे येतात आणि आपोआप येत नाहीत, तर दोष नक्की येथेच आहे. शिवाय प्रोग्रॅम बंद असेल किंवा संगणक झोपी गेला असेल, तर कोणी पत्र आणायला जात नाही, हेही सांगून ठेवतो.

कधी कधी पत्रे आलेली असतात, पण दिसत नाहीत. यादीच्या मथळ्यावर चुकून टिचकी पडली की क्रम उलटा होतो, नवीन पत्र सगळ्यात खाली जाते, आणि मालक वरचे जुने पत्र पाहून कपाळाला हात लावतो. 'डेट' या मथळ्यावर एकदा टिचकी मारून पाहावी.

पासवर्डचे प्रकरण मात्र जरा खोल आहे. अलीकडे बंद पडलेल्या प्रोग्रॅमांपैकी पुष्कळांचे मूळ येथे सापडते. पूर्वी प्रोग्रॅममध्ये आपला नेहमीचा पासवर्ड एकदा टाकला की वर्षानुवर्षे चालत असे. चोरी वाढल्यामुळे कंपन्यांनी ही वाट बंद केली. गुगलने खासगी खात्यांसाठी ती ३० मे २०२२ पासून, तर मायक्रोसॉफ्टने आपल्या आउटलुक डॉट कॉम, हॉटमेल या खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून बंद केली. त्यामुळे पासवर्ड बरोबर असूनही प्रोग्रॅम "पासवर्ड चूक आहे" म्हणतो आणि माणूस तोच पासवर्ड दहा वेळा टाकत बसतो. थंडरबर्डची नवी आवृत्ती असल्यास सेटिंगमध्ये 'ओऑथ २' ही पद्धत निवडावी, म्हणजे कंपनीचे स्वतःचे पान उघडते आणि तेथे एकदा परवानगी दिली की पुरे. ज्या जुन्या प्रोग्रॅममध्ये ही सोय नाही, तेथे जीमेलसाठी 'ॲप पासवर्ड' काढावा लागतो. तो १६ अक्षरांचा असतो, आणि त्याआधी खात्याला दुहेरी पडताळणी लावलेली पाहिजे. एक खोच ध्यानात ठेवावी : गुगलचा मुख्य पासवर्ड बदलला की जुने ॲप पासवर्ड रद्द होतात. मुलाने मोबाइलवर पासवर्ड बदलला आणि दुकानातला संगणक बंद पडला, यात गूढ काही नाही.

विंडोजबरोबर फुकट येणारा 'मेल' नावाचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी त्याच्याशी झटापट करू नये. मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ रोजी त्याचा आधार काढून घेतला, त्यावर आता पत्रे येत-जात नाहीत. दुसरा प्रोग्रॅम घ्यावा, थंडरबर्ड फुकट मिळतो.

आमच्या भागाला खास लागू पडणारे एक कारण आहे, आणि दुकानातील पोरेही ते लवकर ओळखत नाहीत. लाइट जाते-येते, यूपीएस नसतो, संगणक जुना असतो. त्याच्या आतल्या पट्ट्यावर नाण्याएवढा एक सेल असतो, बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणारा. तो सेल संपला की लाइट गेल्यावर संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. पत्रपेटीचे यंत्र आणि आपला प्रोग्रॅम एकमेकांची ओळख पटवताना प्रमाणपत्राची मुदत पाहतात. तारीखच चुकीची असल्याने प्रोग्रॅमला ते प्रमाणपत्र खोटे वाटते आणि तो जोडणी नाकारतो. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील तारीख पाहा. चुकीची असेल तर दुरुस्त करा आणि सेल बदलून घ्या. त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते, आणि किंमत चहा-भज्याएवढी.

याउपर काही उरलेच, तर कधी अँटिव्हायरस पत्रे तपासताना अडवतो, कधी जुन्या विंडोजला नवी सुरक्षित जोडणीच जमत नाही, कधी प्रोग्रॅमची यादी बिघडते. थंडरबर्डमध्ये फोल्डरवर उजवी टिचकी देऊन 'प्रॉपर्टीज'मधील 'रिपेअर फोल्डर' दाबले की यादी नव्याने बांधली जाते. अँटिव्हायरस तपासणीपुरताच थांबवावा, तसाच ठेवू नये.

कोणी म्हणेल, संगणकाचा हा खटाटोप हवाच कशाला? प्रश्न रास्त आहे. वारणानगरला १९९८ साली सत्तर गावांत संगणक केंद्रे बसवण्याचा प्रकल्प सुरू झाला, सबंध देशात गाजला. पुढे २००७ च्या सुमारास तेथेच काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर उसाची माहिती देण्याचा प्रयोग झाला, कारण लोकांना हवी होती ती वजनाची आणि बिलाची माहिती, आणि ती चार ओळींत मावत होती. आमचे मत असे की उसापुरता मोबाइल पुरे. पण बाग, दुकान, कंपनी असेल तर कागद सांभाळावे लागतात, आणि तेथे संगणकाला तूर्त तरी पर्याय नाही.

संगणक दुकानात नेण्याची वेळ आलीच, तर पडद्यावर जो इंग्रजी संदेश येतो त्याचा मोबाइलने फोटो काढून न्यावा. दुकानदाराला "पॉप आहे का आयमॅप?" एवढे विचारावे. आयमॅप असेल तर पत्रे कंपनीच्या पेटीतही आहेत, घोर नाही. पॉप असेल तर आधी सगळी पत्रे पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत, ती उघडतात का ते आपल्या डोळ्यांनी पाहावे, आणि मगच पुढच्या कामाला हो म्हणावे. पासवर्ड कागदावर लिहून देऊ नये, तो आपण स्वतः टाकावा. आणि "तुमची ई-मेल बंद होणार आहे, चालू ठेवण्यासाठी येथे पासवर्ड भरा" असे पत्र आले तर ते चोराचे समजावे. पासवर्ड देऊन बसला असाल, तर तो मोबाइलवरून ताबडतोब बदलावा, आणि पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करावा.