मोजमाप कुणाच्या हाती?

अमेरिकेत १ जुलै २००७पासून डॉक्टरांच्या बिलांवर एक नवी नोंद दिसू लागली. वृद्धांचा वैद्यकीय खर्च उचलणाऱ्या मेडिकेअर या सरकारी योजनेने डॉक्टरांना कळवले होते की, कामाच्या दर्जाबद्दलच्या ठरावीक बाबी आपणहून कळवल्यात तर मानधनावर दीड टक्का जास्त मिळेल आणि न कळवल्यास काही बिघडणार नाही. उपचाराच्या संकेतांकाशेजारी दर्जाचा आणखी एक संकेतांक टाकायचा, एवढेच काम. सहा महिन्यांच्या त्या पहिल्या फेरीत लाखाहून थोड्या जास्त व्यावसायिकांनी भाग घेतला. त्यांतल्या सुमारे ५६ हजार ७०० जणांना मिळून ३ कोटी ६० लाख डॉलर वाटले गेले, म्हणजे माणशी सहाशेच्या वर थोडे. पुढे बक्षीस आटत गेले, २०१५पासून न कळवणाऱ्यांचे पैसे कापले जाऊ लागले आणि २०१७मध्ये सगळी व्यवस्था ‘मिप्स’ नावाच्या गुणांकन योजनेत मिसळली. त्या योजनेत कपात आता नऊ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. आपखुशीची गोष्ट अशी सक्तीची झाली. या बदलात काय मिळाले आणि काय हातचे गेले, हे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी या शाखेत फार स्पष्ट दिसते.

क्ष-किरण किंवा सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, सुईएवढ्या छिद्रातून नळी आत सरकवून उपचार करणारी ही शाखा. चार्ल्स डॉटर यांनी १९६४मध्ये पोर्टलंड इथे एका ८२ वर्षांच्या बाईंच्या पायाची अरुंद झालेली धमनी नळीनेच रुंद केली आणि पाय कापण्याची वेळ टाळली, तिथून तिची सुरुवात मानतात. अमेरिकेत तिला स्वतंत्र वैद्यकीय शाखेचा दर्जा मिळायला मात्र २०१२ उजाडले. या उशिरामागचे एक कारण तिच्या कामाच्या पद्धतीत आहे. रुग्ण असतो दुसऱ्या डॉक्टरचा. तो पाठवतो, रेडिओलॉजिस्ट तासाभरात काम करतो आणि रुग्ण परत आपल्या वॉर्डात जातो. काम उत्तम झाले, पण पुढे त्या माणसाचे काय झाले, हे विचारायला कुणी बांधलेले नसते.

याचा सर्वांत ठळक दाखला म्हणजे महाशिरेतला फिल्टर. पायातल्या नीलेत झालेली रक्ताची गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. ज्यांना रक्त पातळ करणारी औषधे देता येत नाहीत, त्यांच्या पोटातल्या मोठ्या शिरेत छत्रीच्या काड्यांसारखी धातूची छोटी जाळी बसवतात. यातला एक प्रकार धोका टळल्यावर काढून घेण्यासाठीच बनवलेला आहे. तो काढायचा राहिला तर जाळी सरकते, तिची काडी मोडते, कधी शिरेच्या भिंतीतून आरपार जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१०मध्ये याबद्दल इशारा दिला, तेव्हा त्यांच्याकडे पाच वर्षांत अशा ९२१ तक्रारी जमल्या होत्या. २०१४च्या सुधारित सूचनेत त्यांनी हिशेब मांडला की, गुठळीचा धोका सरला असेल तर बसवल्यापासून साधारण २९ ते ५४ दिवसांत जाळी काढणे हिताचे. प्रत्यक्षात काय चालले होते? बॉस्टनमधल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या नोंदी २०१३मध्ये प्रसिद्ध झाल्या. काढता येण्याजोग्या ६७९ जाळ्यांपैकी यशस्वीपणे काढल्या गेल्या फक्त ५८. शंभरात नऊसुद्धा नाहीत! हे डॉक्टर हाताने अडाणी नव्हते. त्यांच्यापुढे जाळी काढायची राहिलेल्या रुग्णांची यादी कुणी ठेवलीच नव्हती.

म्हणूनच या शाखेच्या व्यावसायिक संघटनेने पुढे आणलेला निकष मला फार शहाणपणाचा वाटतो. काढता येण्याजोगी जाळी बसवलेल्या किती रुग्णांचा तीन महिन्यांच्या आत फेरविचार झाला, एवढेच तो विचारतो. जाळी काढली, ठेवायचे ठरवले, किंवा किमान दोनदा प्रयत्न करूनही रुग्णाशी संपर्क झाला नाही, यांपैकी काहीही लिहिलेले चालते. सगळ्यांच्या जाळ्या काढाच, असा आग्रह नाही. रुग्णाला विसरू नका, एवढाच आहे. ज्या कामात चूक होते ते कोणते, हे ते काम करणाऱ्यालाच ठाऊक असते आणि निकष त्यानेच निवडला तर तो नेमक्या जागी बोट ठेवतो. माझे म्हणणे इतकेच की, दर्जाची ऐच्छिक नोंद उपयोगी पडते ती शिकण्यासाठी केली तर. तिला पैशांची आणि क्रमवारीची दावण लावली की तिची कारकुनी होते. याच शाखेच्या दुसऱ्या एका निकषात हे दिसते. पडद्यावर पाहत केलेल्या उपचारात रुग्णाला किरणांचा किती डोस मिळाला, हे अहवालात लिहिले का, एवढेच तो तपासतो. लांबलेल्या उपचारांत त्वचा भाजल्याची उदाहरणे घडली होती, १९९४मध्ये तसा सरकारी इशाराही निघाला होता, त्यामुळे नोंद हवीच. पण दहा मिनिटांत काम उरकणारा आणि तेच काम तासभर करणारा, दोघांनी आकडा लिहिला की गुण सारखे. अहवालाच्या साच्यात एक रकाना घातला की विषय मिटला.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, आपखुशीने पुढे येणारे मुळात चांगलेच असतात. वाईट काम करणारा स्वतःचे आकडे कशाला देईल? यात तथ्य आहे. पण मिशिगन राज्यातला अनुभव वेगळे सांगतो. तिथल्या अतिदक्षता विभागांनी स्वेच्छेने एकत्र येऊन सेंट्रल लाइनमुळे, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे, होणारा जंतुसंसर्ग मोजायला घेतला. (ही लाइन बसवण्याचे काम अनेक ठिकाणी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टही करतात.) हात धुणे, रुग्णाला पूर्ण निर्जंतुक कापडाने झाकणे, गरज संपताच लाइन काढणे, अशा साध्या पाच गोष्टी पाळायच्या आणि आलेले आकडे त्या-त्या विभागाला नियमित परत दाखवायचे. २००६मध्ये निष्कर्ष छापले गेले, तेव्हा त्यांत १०३ विभाग होते. दर हजार लाइन-दिवसांमागे २.७ असलेला संसर्गाचा मध्यक तीन महिन्यांतच शून्यावर आला होता. यांत फक्त हुशार मूठभर नव्हते. राज्यातल्या अतिदक्षता खाटांपैकी बहुसंख्य या विभागांत होत्या.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पैसा जनतेचा, जीव रुग्णाचा; मग आकडे डॉक्टरांच्या कपाटात का? नावानिशी छापा. तत्त्व म्हणून हे बिनतोड आहे, पण परिणाम पाहिल्याशिवाय स्वीकारण्यासारखे नाही. हृदयाच्या अँजिओप्लास्टीचे निकाल न्यूयॉर्क राज्य जाहीर करत असे, तर मिशिगनमध्ये ते एका ऐच्छिक नोंदवहीत आपापसांत ठेवले जात. दोहोंची तुलना २००५मध्ये प्रसिद्ध झाली. हृदय जवळजवळ कोलमडलेल्या, धक्क्याच्या अवस्थेतल्या रुग्णांचे प्रमाण मिशिगनमध्ये २.५६ टक्के होते, न्यूयॉर्कमध्ये ०.३८ टक्के. न्यूयॉर्कचा मृत्युदर कमी दिसत होता खरा, पण रुग्णांच्या गंभीरतेचा हिशेब धरल्यावर तो फरक उरला नाही. दोन राज्यांत इतर फरकही असतील. तरी निकाल बिघडण्याच्या धास्तीने अतिगंभीर रुग्ण टेबलावर घेतलेच जात नसावेत, ही शंका टाळता येत नाही. ज्याला नळीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच नकार! शिवाय इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीत एकेका डॉक्टरचे आकडे लहान असतात. समजा, एकाने वर्षात वीस जाळ्या बसवल्या. दोन रुग्णांची नोंद राहून गेली की टक्केवारी दहाने घसरली. अशा आकड्यांवर क्रमवारी लावणे म्हणजे नशिबाला गुण देणे.

आणि खर्च? २०१६च्या एका अभ्यासानुसार हृदयरोग, अस्थिरोग, प्राथमिक उपचार आणि बहुशाखीय अशा चार प्रकारच्या प्रॅक्टिस मिळून दर्जाच्या नोंदींवर वर्षाला १५.४ अब्ज डॉलर घालवत होत्या. दर डॉक्टरमागे कर्मचाऱ्यांचा वेळ धरून ७८५ तास. छोट्या प्रॅक्टिसला हे झेपत नाही आणि मोठ्या संस्था त्यासाठी माणसे नेमतात, म्हणजे गुण मिळतात ते कागद सांभाळणाऱ्याला. मेडिकेअरबाबत संसदेला सल्ला देणाऱ्या आयोगाने २०१८मध्ये मिप्स गुंडाळण्याची शिफारस केली, ती याच वैतागातून. संसदेने ती मानली नाही. माझ्या हाती असते तर मी निकष चार-पाचच ठेवले असते, त्यांत फिल्टरचा नक्की, आणि प्रत्येक प्रॅक्टिसला तिचा आकडा देशाच्या सरासरीशेजारी ठेवून परत दिला असता. मात्र निवडक रुग्ण कळवायची सवलत नाही. कळवायचे तर सगळे.

तोवर रुग्णाने हातावर हात धरून बसायचे कारण नाही. तुमच्या घरातल्या कुणाला, अमेरिकेत असो वा पुण्यात, अशी जाळी बसवली असेल, तर डिस्चार्ज कार्डावर तिचा प्रकार, ती काढायची की नाही याचा निर्णय कोणत्या तारखेला होणार आणि त्यासाठी फोन कुणाला करायचा, हे लिहून मागा. बसवून काही वर्षे झाली असली तरी तपासून घ्या. अनेक जाळ्या उशिराही काढता येतात.