गांजा, कोवळं वय आणि स्किझोफ्रेनिया: घरच्यांनी काय ओळखावं, काय करावं

पोरगा सतरा-अठरा वर्षांचा. वर्षभरापूर्वीपर्यंत मोहल्ल्यात क्रिकेट खेळायचा, ईदला सगळ्यांच्या घरी फिरायचा. आता खोलीचं दार लावून बसतो. रात्रभर जागा, दिवसभर झोप. आंघोळीचा पत्ता नाही. मित्र आपल्याविरुद्ध काहीतरी शिजवतायत, असं मधूनच बोलतो. घरात तीन मतं असतात. अब्बा म्हणतात, आळशी झालाय. खाला म्हणते, कुणाची तरी नजर लागली. शेजारी कुजबुजतात, गांजा ओढतो. चौथं मत डॉक्टरांचं. ते घरात फार उशिरा पोहोचतं.

असं घर आमच्या अनेक वाचकांनी जवळून पाहिलं असेल. म्हणून आज हा विषय सविस्तर मांडत आहोत. गांजा आणि स्किझोफ्रेनिया यांच्या नात्यावर जगभरात जवळपास चाळीस वर्षं संशोधन चाललं आहे. त्यातून काय कळलं आणि आपल्या घरासाठी त्याचा अर्थ काय, ते पाहू.

आधी आजार समजून घेऊ

स्किझोफ्रेनिया म्हणजे एका माणसात दोन माणसं, असा गैरसमज सिनेमांनी पसरवला. प्रत्यक्षात या आजारात खरं काय आणि मनाने रचलेलं काय, यातली सीमारेषा पुसट होते. कुणी नसताना आवाज ऐकू येतात. लोक पाळतीवर आहेत, जेवणात काही घातलंय, टीव्हीवरचा माणूस माझ्याचबद्दल बोलतोय, असं पक्कं वाटू लागतं. दुसऱ्या बाजूला उत्साह, बोलणं, भावना आटत जातात. ही दुसरी बाजू घरच्यांना ‘आळस’ वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना हा आजार आहे, म्हणजे साधारण ३०० माणसांमागे एकाला. मुलांमध्ये तो बहुतेक वेळा विशीच्या आसपास डोकं वर काढतो, मुलींमध्ये थोडा उशिरा. गांजाची पहिली चव लागण्याचं वयही बहुधा हेच किंवा याच्या थोडं आधीचं असतं.

संशोधन काय सांगतं

पहिला मोठा अभ्यास स्वीडनचा. तिथे १९६९-७० साली लष्करी भरतीला आलेल्या ४५ हजारांहून जास्त तरुणांची माहिती नोंदवली गेली आणि पुढची पंधरा वर्षं त्यांच्या आजारपणाच्या नोंदी तपासल्या गेल्या. १९८७ मध्ये निष्कर्ष आले. भरतीच्या वेळेपर्यंत ज्यांनी पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा ओढला होता, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट निघालं.

न्यूझीलंडच्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास त्यांच्या लहानपणापासून चालू आहे. त्यात दिसलं की पंधराव्या वर्षापर्यंत गांजा सुरू केलेल्यांपैकी सुमारे १० टक्के जणांना २६ व्या वर्षी स्किझोफ्रेनियासारखा आजार होता. बाकीच्यांत हे प्रमाण ३ टक्के होतं. मात्र काही मुलांमध्ये विचित्र अनुभवांची लक्षणं अकराव्या वर्षीच होती. ती हिशेबात धरल्यावर फरक कमी झाला. हेही सांगायला हवं, कारण अर्धी गोष्ट सांगून भीती घालणं आम्हाला मान्य नाही.

२०१९ मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज गांजा घेणाऱ्यांना सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा, धोका तिपटीहून जास्त होता. रोज आणि कडक गांजा घेणाऱ्यांना तो जवळपास पाचपट होता. ‘कडक’ म्हणजे ज्यात टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य १० टक्के किंवा त्याहून जास्त आहे असा माल.

डेन्मार्कच्या संशोधकांनी १९७२ ते २०२१ या काळातल्या सुमारे ६९ लाख लोकांच्या सरकारी आरोग्य नोंदी तपासल्या. त्यांचा अंदाज असा की २१ ते ३० वयाच्या पुरुषांमधल्या स्किझोफ्रेनियाच्या १०० पैकी ३० पर्यंत केसेस, गांजाचं व्यसन रोखलं असतं तर टळू शकल्या असत्या. हा अभ्यास २०२३ चा. पुढच्याच वर्षी कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातला अभ्यास आला. १२ ते १९ वयात गांजा घेणाऱ्या मुलांमध्ये सायकोसिसच्या आजाराचा धोका न घेणाऱ्यांच्या ११ पट आढळला. विशीनंतरच्या वयात मात्र असा संबंध दिसला नाही.

या सगळ्यातून तीन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात: सुरुवात किती लहान वयात झाली, किती वेळा घेतो, आणि माल किती कडक आहे.

मग गांजा ओढला की आजार होणारच का?

नाही. गांजा घेणारे बहुतेक जण स्किझोफ्रेनियाचे रुग्ण होत नाहीत. आणि ज्यांनी कधी गांजाला हातही लावला नाही, अशांनाही हा आजार होतो. अनुवंशाचा वाटा मोठा आहे. सर्वसाधारण माणसाला आयुष्यात हा आजार होण्याची शक्यता शंभरात एकच्या आसपास असते. आई, बाप किंवा सख्ख्या भावंडाला आजार असेल तर ती शंभरात दहाच्या घरात जाते. काही मुलं आजाराच्या सुरुवातीला बेचैनी घालवण्यासाठीच नशेकडे वळतात, असाही एक मुद्दा आहे. संशोधक यावर अजून वाद घालतात.

पण सगळा संबंध योगायोगाचा म्हणून सोडून देता येत नाही. अमेरिकेत येल विद्यापीठात निरोगी स्वयंसेवकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली टीएचसीचं इंजेक्शन दिलं, तेव्हा त्यांच्यात काही वेळापुरती संशय आणि भ्रमाची लक्षणं दिसली. मेंदूतला विचार आणि संयम सांभाळणारा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. टीएचसी त्या घडणीत ढवळाढवळ करतं आणि डोपामिन या रसायनाचा तोल बिघडवतं, असं मानलं जातं. घर बांधून झाल्यावर भिंतीला धक्का लागणं वेगळं आणि पाया ओला असताना लागणं वेगळं.

आणखी एक. ‘आमच्या वेळी पण लोक ओढायचे, कुणाला काही झालं नाही’, असं जुने लोक म्हणतात. माल तोच राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात टीएचसीचं प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होतं. २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांच्या घरात गेलं. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेला ‘हायड्रोपोनिक’ गांजा पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तो बंद खोलीत, मातीशिवाय वाढवलेला, कडक प्रकार आहे.

नशा हराम आहे, हे आपल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. तरी ‘ही दारू नाही, पत्ती आहे, कुदरती आहे’ अशी पळवाट मित्र काढून देतात. अशा वेळी नुसता दटावणीचा सूर चालत नाही. वरचे आकडे पोरासमोर ठेवा. घरात कुणाला मानसिक आजार होऊन गेला असेल तर तेही लपवू नका. त्याचा धोका त्याच्या मित्रापेक्षा जास्त आहे, हे कळण्याचा त्याला हक्क आहे.

कोणती लक्षणं ओळखावीत

- अचानक एकटं राहणं, जुने मित्र तोडणं
- झोपेचं वेळापत्रक उलटं होणं
- अभ्यास किंवा कामात मोठी घसरण
- विनाकारण संशय, दारं-खिडक्या वारंवार तपासणं
- एकट्यानेच बोलणं, हसणं, कान देऊन काहीतरी ऐकल्यासारखं करणं
- अंगाच्या स्वच्छतेकडे दुर्लक्ष

यातलं एखादं लक्षण कुठल्याही तरुणात दिसू शकतं. पण दोन-तीन एकत्र दिसली आणि काही आठवडे टिकली, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. गांजा घेतो की नाही हे सिद्ध व्हायची वाट बघू नका.

एक चूक विशेष होते. नशेमुळे पोरगा बहकला, दवाखान्यात नेला, आठवड्यात शांत झाला. घरचे म्हणतात, ‘नशेमुळे होतं, उतरलं, आता डॉक्टर नको.’ अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये काढलेला हिशेब असा की, गांजामुळे सायकोसिस झालेल्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाचं निदान पुढे स्किझोफ्रेनियापर्यंत जातं. म्हणून बरं वाटल्यावरही तपासणी चालू ठेवायची, आणि गांजा परत नाही म्हणजे नाही.

दुआ आणि दवा

आपल्या समाजात असा रुग्ण आधी आमिलकडे किंवा दर्ग्यावर नेला जातो. त्यामागे घरच्यांची माया असते, त्यांची थट्टा आम्ही करणार नाही. पण सायकोसिस जितका काळ उपचाराविना राहतो, तितकं बरं होणं अवघड होत जातं. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी इथे एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मेले. ते तिथल्या दर्ग्याच्या आशेने आणलेले होते.

याच्या उलट उदाहरणही आहे. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ उपक्रम सुरू झाला. मुजावर मंडळीच रुग्णाला तिथल्या मानसोपचाराच्या दवाखान्यात पाठवू लागली. दुआ बंद झाली नाही, दवा सुरू झाली. हे आपल्यासाठी नवंही नाही. कैरोत १२८४ साली उभारलेल्या मन्सुरी बिमारिस्तानात मनोरुग्णांसाठी वेगळा विभाग होता. आजाराचा इलाज करा, ही आपली शिकवणच आहे.

रमजानबद्दलही बोलायला हवं. रोज्यासाठी औषध परस्पर बंद केल्याने आजार उलटू शकतो. आजारी माणसाला दीनमध्ये सवलत आहे. रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटा. बऱ्याच औषधांच्या वेळा इफ्तार-सेहरीला जुळवता येतात. जुळत नसतील तर मौलानांशी बोला, पण गोळी चुकवू नका.

बदनामी, पोलीस आणि लग्न

पोलिसांच्या भीतीने पुष्कळ घरं गप्प बसतात. डॉक्टरांकडे इलाजाला जाणं हा गुन्हा नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४-अ आहे. थोड्या प्रमाणातल्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून व्यसनमुक्तीचा इलाज घेत असेल, तर त्याला खटल्यातून सूट मिळण्याची तरतूद त्यात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी मानसोपचार मिळणं हा हक्क ठरवला आहे, आणि रुग्णाची माहिती गुप्त राखणं बंधनकारक केलं आहे.

‘निकाह लावून द्या, जबाबदारी आली की सुधारेल’ हा सल्ला मात्र कृपा करून ऐकू नका. लग्न हा स्किझोफ्रेनियाचा इलाज नाही. लपवून केलेल्या लग्नात पोरगाही बरा होत नाही आणि दुसऱ्याच्या लेकीचं आयुष्यही उद्ध्वस्त होतं. आधी इलाज, मग आजार स्थिर झाल्यावर दोन्ही घरांना सगळं सांगून पुढचं पाऊल.

कुठे जायचं

‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी चालते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. पोरगा स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल तर वाट न पाहता १०८ वर अॅम्ब्युलन्स बोलवा.

मोहल्ल्याच्या जमातींना आमची विनंती आहे. जुम्म्याच्या बयानात नशेविरुद्ध बोललं जातंच. त्याच्या शेवटी हे दोन क्रमांकही सांगा आणि मशिदीच्या फलकावर लावा. मागे बसलेला एखादा बाप ते गुपचूप मोबाईलमध्ये टिपून घेईल.