स्थल गेलें, ग्राम राहिला

भूगोल शिकवितांना आम्ही विद्यार्थ्यांना कोणत्याही गांवाची माहिती दोन सदरांखालीं लिहावयास सांगत असूं. पहिलें सदर प्राकृतिक रचना, दुसरें लोकसंख्या. पहिलें स्थिर, दुसरें चल. डोंगर व नद्या जागच्या जागीं असतात. माणसें मात्र जन्मतात, मरतात, परगांवीं जातात, असें आम्हीं पस्तीस वर्षें निःशंकपणें सांगितलें. स्वित्झर्लंडमधील एका लहानशा गांवानें आमची ही शिकवण उलटी करून दाखविली. त्या गांवाची हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

गांवाचें नांव ब्लाटेन. आल्प्स पर्वताच्या कुशींत, वालिस प्रांतांत, लोचेंटाल नांवाचें एक अरुंद खोरें आहे. हिमांतून उगम पावणारी लोन्झा नदी त्यांतून वाहत जाऊन ऱ्होन नदीस मिळते. या खोऱ्यांत चार ग्रामपंचायती आहेत: फेर्डेन, किप्पेल, विलर आणि सर्वांत वरची ब्लाटेन. ब्लाटेनच्या गांवठाणाची उंची समुद्रसपाटीपासून १,५४० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून शंभरएक मीटर कमी. परंतु कळसूबाईवर उभें राहिलें असतां मुलूख पायाखालीं पसरलेला दिसतो. ब्लाटेनमध्यें मात्र मान वर करूनच पाहावें लागतें. एकट्या बीचहॉर्न शिखराची उंची ३,९३४ मीटर आहे. पंचायतीचें क्षेत्र सुमारें ९० चौरस किलोमीटर. पण त्यांतील बराच मोठा भाग केवळ खडक व हिम. शेतास किंवा गाईच्या चाऱ्यास उपयोगी पडणारी जमीन नदीकांठीं व उन्हाच्या बाजूच्या उतारावर असेल तेवढीच.

एवढ्या जमिनीवर वस्ती ती किती असणार? सुमारें तीनशें माणसें. चारही गांवें धरून सगळ्या खोऱ्यांत दीड हजारांच्या आसपास. भाषा जर्मन, धर्म कॅथॉलिक. पूर्वीं राय नांवाचें धान्य, बटाटे व गाई यांवर निर्वाह चाले. उन्हाळ्यांत गुरें वरच्या कुरणांत न्यावयाचीं आणि हिंवाळ्यासाठीं चीज व वाळलेलें गवत सांठवावयाचें, हा क्रम. घरें लाकडाचीं, उन्हानें काळवंडलेलीं. धान्याचीं कोठारें लहान खांबांवर उभीं असत, आणि उंदीर चढूं नयेत म्हणून प्रत्येक खांबाच्या माथ्यावर एक दगडी चकती बसविलेली असे. १९१३ सालीं लोचबर्गचा आगगाडीचा बोगदा सुरू झाला, तेव्हां बाहेरचें जग खोऱ्याच्या तोंडाशीं आलें. तोंपर्यंत हिमवर्षाव फार झाला म्हणजे वाट बंद आणि खोऱ्यांतील लोक आपापसांत.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. स्विस मनुष्याच्या पारपत्रावर जन्मस्थान लिहीत नाहींत. त्याचें मूळ गांव लिहितात, आणि तें पिढ्यान्‌पिढ्या वारशानें चालत येतें. झुरिचमध्यें जन्मून तेथेंच वाढलेल्या, ब्लाटेन क्वचितच पाहिलेल्या मनुष्याचेंही मूळ गांव ब्लाटेन असूं शकतें. कोंकणांतील घर सोडून तीन पिढ्या लोटल्या तरी कुलदैवत व आडनांव यांच्या योगानें आपलें गांव सांगणाऱ्या आमच्या वाचकांना हें निराळें समजावून सांगावयास नको. शिरगणतींत मोजलेलीं माणसें आणि गांवाचीं माणसें यांची संख्या एक नसते, एवढें यावरून दिसतें.

आतां मुख्य हकीकत. गांवाच्या वर क्लाइनेस नेस्टहॉर्न नांवाचें शिखर आहे व त्याच्या पायथ्याशीं बिर्ख नांवाची हिमनदी होती. अत्युच्च पर्वतांत खडकांच्या भेगांतील बर्फ बारमास गोठलेला असतो व तो दगडांना एकत्र धरून ठेवतो. हवामान तापूं लागल्यामुळें हें बंधन अनेक ठिकाणीं सैल होत आहे. २०२५ च्या मे महिन्यांत या शिखराचा कडा ढासळून हिमनदीवर कोसळूं लागला व त्या भारानें ती अधिकाधिक वेगानें खालीं सरकूं लागली. डोंगरावर उपकरणांचा पहारा होता. १९ मे रोजीं गांव सोडण्याची आज्ञा झाली. तीनशें माणसें निघालीं, गुरेंही हलविलीं. एका जखमी गाईस तर हेलिकॉप्टरनें उचलून नेलें. शेजारच्या गांवांनीं आपलीं घरें त्यांना उघडलीं.

नऊ दिवस गेले. २८ मे रोजीं दुपारीं साडेतीनच्या सुमारास हिमनदी तुटली. सुमारें ९० लक्ष घनमीटर बर्फ, दगड व चिखल खालीं येऊन, खोऱ्याचा तळ ओलांडून समोरच्या उतारावर चढला. भूकंपमापकांवर ३.१ प्रतीचा धक्का नोंदला गेला. चर्च, घरें, कोठारें मिळून नऊ दशांश गांव गाडलें गेलें. लोन्झा अडली, तिचें सरोवर झालें, आणि उरलेल्या घरांत पाणी शिरलें. उंचावरील वाइसेनरीडसारख्या वाड्या तेवढ्या वांचल्या. एक गृहस्थ मात्र प्राणास मुकला. बाकीचें सर्व गांव, नकाशावर राहिलें नाहीं तरी, जिवंत होतें.

हें वाचतांना ३० जुलै २०१४ ची पहाट कोणाला आठवणार नाहीं? पुणें जिल्ह्यांतील माळीण गांवावर दरड कोसळली आणि दीडशेंहून अधिक माणसें घरांत झोपलेलीं असतांनाच गेलीं. डोंगर तेथेंही पडला व येथेंही पडला. परंतु ब्लाटेनला डोंगरावर कोणीतरी डोळा ठेवून बसलें होतें, त्यानें वेळेवर सांगितलें, आणि लोकांनीं घराचा मोह आवरून ऐकलें. हा भेद आपण पोटांत घातला पाहिजे.

‘ग्राम’ शब्दाचा प्राचीन अर्थ घरें किंवा शिवार हा नव्हे. वेदकालीं ग्राम म्हणजे माणसांचा जथा. गुणग्राम, स्वरग्राम, इंद्रियग्राम या शब्दांत तो समूहाचा अर्थ अजून जिवंत आहे. एकत्र चालणारा जथा जेथें थांबला, त्या जागेस पुढें तें नांव पडलें. या अर्थानें पाहतां २८ मे रोजीं ब्लाटेनचें स्थल गेलें, ग्राम राहिला.

पंचायतीनें गांव त्याच परिसरांत पुन्हा वसविण्याचा निश्चय जाहीर केला आहे. थोडक्या माणसांसाठीं एवढा खर्च करावा काय, असा प्रश्न स्वित्झर्लंडांतही विचारला गेला. आणि तो अगदींच अनाठायीं आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. जेथें डोंगर पुन्हा येऊं शकतो तेथें केवळ प्रेमापोटीं घर बांधणें शहाणपणाचें नव्हे. पण प्रत्येक कुटुंबास पैसे देऊन निरनिराळ्या शहरांत पाठविलें, तर डोंगरानें जें केलें नाहीं तें आपण केलें असें होईल. हट्ट जागेचा धरूं नये. एकत्र राहण्याचा अवश्य धरावा.

आज आमच्यापुढें पुन्हा वर्ग असता, तर वहींतील सदरांचा क्रम आम्हीं बदलून घेतला असता. आधीं माणसें लिहा. डोंगर व नद्या मागाहून.